तेवीस ठोके

कोबे, ७ सप्टेंबर २०२५

प्रिय कश्मिरा,

काल विसर्जनाच्या व्हिडिओखाली तू लिहिलंस, 'आपल्या ढोलाची सर कशालाच नाही, जाम मिस करतेय,' आणि पुढे चार लाल बदाम. ते वाचून मी फोन सोफ्यावर फेकला. सत्यजित म्हणाला, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, कश्मिराला ढोल आवडायला लागलाय. त्याने फोन उचलून टेबलावर ठेवला. गेलं वर्षभर तुझं नाव निघालं की माझा आवाज चढतो, हे त्याला माहीत आहे. तुला माहीत नाही. मार्चमध्ये तुम्ही योकोहामाला गेलात तेव्हा स्टेशनवर मी तुला मिठी मारली, प्रवासात खायला थालीपीठं दिली, आणि मनात होतं त्यातलं अक्षरही बोलले नाही. ते आज कागदावर उतरवतेय. रागात लिहितेय, हे आधीच सांगते. मध्येच कुठे गोड वाटलं तर फसू नकोस.

काल आपल्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये दीड तास ढोल वाजला. ओसाकाच्या मराठी मुलांनी दोन ढोल आणि ताशा आणला होता, पाण्याच्या टबाभोवती सगळे घसा फुटेस्तोवर ओरडले. एकाही जपानी घरातून तक्रार आली नाही. का आली नाही ते तुला चांगलं ठाऊक आहे. दरवर्षीसारखं यंदाही ओकुनो-सान यांनी आठवडाभर आधी पत्रक काढलं. 'शनिवारी चार ते सहा आपल्या भारतीय शेजाऱ्यांचा उत्सव आहे, थोडा आवाज होईल, सांभाळून घ्यावं ही विनंती.' ते पत्रक त्यांनी अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, गुडघ्याला पट्टा बांधून, आजूबाजूच्या सगळ्या घरांच्या टपालपेट्यांत स्वतः टाकलं. यंदाही, कश्मिरा. गेल्या वर्षी आपल्या बिल्डिंगने त्यांच्याशी जे केलं, त्यानंतरसुद्धा.

तू म्हणशील, चैत्राली, मला ओकुनो-सान कोण ते सांगायला नको. पण मला सांगायचंय. तुला त्यांचा विसर पडला असल्याशिवाय तू ते केलं नसतंस, असं मी अजून स्वतःला समजावते.

आपण दोघी एकाच महिन्यात इथे आलो. तुझा अनुराग बँकेत, माझा सत्यजित ट्रेडिंग कंपनीत, आणि आपल्याला दोघींना जपानीत धड चार वाक्यं बोलता येत नव्हती. पहिल्याच आठवड्यात आपण प्लास्टिकचा कचरा काचेच्या दिवशी ठेवला होता. संध्याकाळी एक बाई, याच ओकुनो-सान, दोन्ही पिशव्या घेऊन तुझ्या दारात उभ्या. आपल्याला वाटलं, आता ओरडा बसणार. त्यांनी चपला काढल्या, तुझ्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसल्या आणि एकेक वस्तू हातात घेऊन कुठला कचरा कुठल्या वारी ते शिकवलं. जाताना तुझ्या हातचा चहा प्यायल्या आणि आलं जास्त झालं म्हणून खोकल्या. तेव्हा आपण किती हसलो होतो!

गल्लीच्या टोकाचं ते लहानसं देऊळ त्याच सांभाळायच्या. तिथे राहता पुजारी नाही, मोठ्या देवळातून महिन्यातून दोनदा येतो. एरवी झाडणं, दिव्यांच्या काचा पुसणं, विहिरीवरचं झाकण घासणं, सगळं ओकुनो-सान. तू एकदा विचारलंस की हा देव कसला? त्या म्हणाल्या, पाण्याचा. तीनशे वर्षांपूर्वी इथे साके, म्हणजे तांदळाची दारू गाळणाऱ्यांची वस्ती होती. चांगल्या पाण्याशिवाय साके नाही, म्हणून कामगारांनी विहिरीशेजारी देवाला जागा दिली. पिंपं बनवणाऱ्यांनी ढोल दिला. पिंपाच्या फळ्या वाकवण्याचं कसब होतंच, तेच ढोलाला वापरलं. पंचेचाळीस साली बॉम्ब पडले तेव्हा देऊळ जळालं, पण दोन बायकांनी ढोल गडगडवत नदीपर्यंत नेला आणि पाण्यात उभं राहून रात्रभर धरून ठेवला. त्यातल्या एक ओकुनो-सान यांच्या आई. हे तू त्या दिवशी फोनमध्ये रेकॉर्ड केलं होतंस. 'काय भारी गोष्ट आहे यार,' म्हणाली होतीस. ते रेकॉर्डिंग अजून असेल तर एकदा ऐक.

आणि एकवीस साल आठव. मी सात महिन्यांची पोटुशी, सीमा बंद, आई डोंबिवलीत रडतेय आणि मी इथे. त्याआधी पाचव्या महिन्यात ओकुनो-सान पांढरा सुती पट्टा घेऊन आल्या होत्या. इथे कुत्र्याच्या नावाच्या दिवशी पोटाला तो बांधतात, कुत्रीसारखी सहज सुटका व्हावी म्हणून. त्यांनी तो देवापुढे ठेवून आणला होता आणि कसा गुंडाळायचा ते स्वतःच्या पोटाला बांधून दाखवलं. नुपूर महिन्याची झाली तेव्हा तिला देवळात नेलं. ज्या जमिनीवर मूल जन्मतं तिथल्या देवाला ते दाखवायचं असतं. बाळाला वडिलांच्या आईने धरायचं, अशी रीत. सासूबाई इथे नाहीत म्हणून मी गोंधळले, तर त्यांनी हात पुढे केले आणि म्हणाल्या, आज मला चालेल का? आई व्हिडिओवर बघत होती. तिला भाषेतलं काही कळलं नाही, पण ती मला म्हणाली, या बाईंना माझा नमस्कार सांग, माझ्या जागी उभ्या आहेत. तूच फोन धरला होतास, कश्मिरा.

हे सगळं तुझ्यासमोर झालंय. म्हणून तुझ्यावर जास्त राग आहे. परक्या माणसाने ते तक्रारीचं पत्र लिहिलं असतं तर मी चार शिव्या देऊन सोडून दिलं असतं.

मला तुझी अवस्था माहीत नव्हती असं नाही. गेल्या वर्षी तुझं बाळ चार महिन्यांचं, दिवसा रडायचं, संध्याकाळी जरा डोळा लागला की देवळाच्या उत्सवासाठी ढोलाचा सराव सुरू. सात ते आठ, दहा दिवस. तुझे डोळे खोल गेले होते. दोन दुपारी मी बाळाला माझ्याकडे आणून झोपवलं, तेव्हा तू सोफ्यावर बसल्या बसल्या झोपलीस. मला तुझी दया येत होती. पण तू ओकुनो-सान यांच्याकडे गेली नाहीस. दोन मिनिटांवर घर. 'बाळ झोपत नाही हो' इतकं जपानी तुला येत होतं. तू अनुरागच्या ऑफिसातल्या माणसाकडून पत्र लिहून घेतलंस आणि वॉर्ड ऑफिसला पाठवलंस, प्रत पोलीस चौकीला. 'या इमारतीतील सर्व अकरा भारतीय कुटुंबांच्या वतीने.' पहिलं नाव तुझं, खाली दहा नावं. त्यात तिसरं माझं. आणि ते वाक्य! 'उत्सवाच्या दिवशी ढोल देवळाच्या आवारात न ठेवता मुद्दाम रस्त्यावर, आमच्या इमारतीसमोर आणून एकसुरी बडवला जातो, यामागे आम्हाला त्रास देण्याखेरीज कोणतेही कारण दिसत नाही.' कारण दिसत नाही. विचारलं होतंस का कुणाला?

दोन दिवसांनी सकाळी बेल वाजली. दारात ओकुनो-सान. काळा कोट, हातात गोड वड्यांचा डबा, कागदात गुंडाळलेला. मला वाटलं नुपूरसाठी काही आणलंय. मी हसून दार उघडलं आणि त्या कमरेत वाकल्या. साध्या वाकतात तशा नाही. पार खाली, आणि बराच वेळ वर आल्याच नाहीत. त्या म्हणाल्या, आमच्यामुळे तुम्हाला फार त्रास झाला, आमचं लक्ष नव्हतं, यंदा ढोल वाजणार नाही, क्षमा असावी. जिने माझ्या मुलीला देवापुढे धरलं ती बाई माझ्या उंबऱ्यात माझी माफी मागत होती. मागून नुपूर धावत आली, 'बाचान!', म्हणजे आजी, करून त्यांच्या कोटाला लोंबकळली. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, डबा माझ्या हातात दिला आणि पुढच्या दारी गेल्या. अकरा दारं, कश्मिरा. प्रत्येक दारात. तुझ्याकडेही आल्या होत्या. तू नंतर ग्रुपवर टाकलंस, 'सो स्वीट, मिठाई पण दिली. प्रॉब्लेम सॉल्व्ह्ड.'

मी तेव्हा काहीच बोलले नाही. 'तुम्ही का माफी मागता' हेही नाही. सत्यजितला संध्याकाळी सांगितलं की मला शब्द सुचले नाहीत, जपानी कमी पडलं. त्याने मान डोलावली. ते खोटं होतं, पण त्याकडे मी नंतर येते.

गेल्या ऑक्टोबरात उत्सव झाला, ढोलाशिवाय. पंच्याण्णवच्या भूकंपानंतर पहिल्यांदाच. आठ-दहा म्हातारे, पुजारी, मंत्र, संपलं. नुपूरने विचारलं, डोन-डोन कुठेय? मी तिला कोपऱ्यावरच्या कोनबिनी दुकानात नेऊन आइस्क्रीम दिलं. त्यानंतर मी देवळाची गल्ली टाळायला लागले. स्टेशनला जायला लांबचा रस्ता घ्यायची. ओकुनो-सान समोरून दिसल्या की फोन कानाला लावायची. सात महिने असेच काढले. तुमच्या सामानाचा ट्रक गेला त्या दिवशी मला बरं वाटलं, हेही लिहून टाकते.

मे महिन्यात एक दिवस नुपूरनेच शाळेतून येताना माझा हात सोडला आणि थेट देवळात पळाली. मला मागे जावंच लागलं. ओकुनो-सान विहिरीपाशी झाडत होत्या. जणू आदल्याच दिवशी भेटलो होतो, अशा म्हणाल्या, आलात का, बसा. आणि मी बसले नाही. उभ्यानेच बोलले. तोडक्यामोडक्या भाषेत सांगितलं की ते पत्र, त्यात माझं नाव, ते मी लिहिलं नव्हतं पण… आणि मग त्या 'पण'पाशी अडकले.

कारण मी अंगठा दिला होता, कश्मिरा. तू ग्रुपवर लिहिलं होतंस, 'ढोलाबद्दल कम्प्लेंट करतेय, सगळ्यांची नावं टाकू ना? ऑब्जेक्शन असेल तर सांगा.' मी तेव्हा भाजी चिरत होते. ओल्या हाताने अंगठ्याचं चित्र दाबलं आणि पुन्हा भेंडीकडे वळले. काय लिहिणार, कुणाला पाठवणार, काही विचारलं नाही. तू मला फसवलं नाहीस. दारात मी गप्प राहिले कारण 'माझं नाव चुकून आलं' असं म्हणणं खोटं झालं असतं, आणि खरं बोलायची लाज वाटली. तुझ्यावर वर्षभर चिडले, त्यातला किती राग तुझा आणि किती माझा, ते मला वेगळं करता येत नाही. तरी तुझ्या वाट्याचा कमी होत नाही, बरं का. तू लिहिलंस. मी होकार भरला.

त्यांनी ऐकून घेतलं. झाडू भिंतीला लावला आणि म्हणाल्या, चला, तुम्हाला दाखवते. तोरीतून, म्हणजे देवळाच्या त्या लाल कमानीतून बाहेर आल्या, रस्ता ओलांडला आणि आपल्या बिल्डिंगच्या सायकल स्टँडपाशी थांबल्या. तिथे त्यांनी मला जे सांगितलं ते मी तुला जसंच्या तसं सांगते.

पंच्याण्णव सालच्या भूकंपाआधी आपल्या बिल्डिंगच्या जागी कौलारू घरांची रांग होती. पहाटे पावणेसहाला सगळी रांग खाली आली. तेवीस माणसं गेली. उरलेल्यांना देवळाच्या आवारात ठेवलं. नळ कोरडे पडले होते, पण देवळाच्या विहिरीला पाणी होतं. दीड महिना आख्खी वस्ती त्या पाण्यावर जगली. बादल्यांची रांग स्टेशनपर्यंत जायची. त्या शरदात देवळाच्या मंडळाची माणसं म्हणाली, यंदा उत्सव नको. तेव्हा बायको गेलेला एक सुतार उठला आणि म्हणाला, ढोल वाजवा, नाहीतर त्यांना कळायचं कसं की आपण अजून इथे आहोत? पुजारी नको म्हणाले. देवापुढे मृत्यूचं नाव घेत नाहीत, अशी रीत आहे. मग त्यातून वाट काढली. ढोल कमानीच्या बाहेर न्यायचा, रस्त्यावर, घरं होती त्या बाजूला तोंड करून ठेवायचा, आणि उत्सव सुरू होण्याआधी तेवीस ठोके द्यायचे. सावकाश. घरांच्या क्रमाने, माणसामागे एक. एकसुरी, कश्मिरा! तुझ्या पत्रातला शब्द.

आठवा ठोका त्यांच्या आईचा. त्याच आई, ज्यांनी ढोल नदीत धरून ठेवला होता. दरवर्षी आठवा वाजतो तेव्हा ओकुनो-सान आपल्या सायकल स्टँडपाशी उभ्या असतात, कारण तिथे आईचं स्वयंपाकघर होतं. आपण त्यांना तिथे बघितलंय. तू एकदा म्हणालीही होतीस, आजी गर्दीला घाबरून लांब उभ्या राहतात वाटतं.

मी रडायला लागले. म्हटलं, तुम्ही हे आम्हाला कधीच का नाही सांगितलं? एका शब्दाने बोलला असतात तर कुणी नाव दिलं नसतं. त्यांनी माझ्याकडे नवलाने बघितलं. म्हणाल्या, इथे घर घेतलेल्या माणसांना हे कसं सांगायचं? तुम्हाला रात्री इथे झोपायचं असतं. लहान मुलं आहेत. म्हणून बिल्डिंग उभी राहिली तेव्हाच मंडळाने ठरवलं होतं, तिथे कुणाला काही बोलायचं नाही. मी विचारलं, मग दारोदार माफी का मागितलीत? तुमची काय चूक होती? तर म्हणाल्या, बाळ झोपत नव्हतं ना. या जमिनीवर राहतं ते बाळ याच देवाचं. त्याला त्रास झाला तर बघायला मीच आहे. कश्मिरा-सान एकदा बोलल्या असत्या तर सराव शाळेच्या हॉलमध्ये नेला असता, तेवढंच वाईट वाटलं.

तेवढंच वाईट वाटलं, म्हणे. मला तर तुझ्या, माझ्या आणि अंगठा दाबणाऱ्या सगळ्यांच्या मुस्काटात मारावीशी वाटली.

आता हे पत्र का, ते सांगते. यंदाच्या ढोलाचं ठरवायला देवळाच्या मंडळाची सभा २१ तारखेला, रविवारी सकाळी दहाला आहे. मंडळातली माणसं सत्तरीच्या पुढची, भिडस्त. त्यांचं एकच म्हणणं, तक्रार कागदावर आहे, ती कुणी मागे घेतलेली नाही, तोवर ढोल बाहेर काढणं बरं दिसत नाही. आणि ढोल असाच पडून राहणार असेल तर तो संग्रहालयाला द्यावा, असंही दोघांनी सुचवलंय. मी गेले तीन आठवडे दार ठोठावत फिरले. नऊ घरांनी तक्रार मागे घेण्यासाठी सह्या दिल्या. सहाव्या मजल्यावरच्या जगदीशला तर आपलं नाव पत्रात आहे हेच माहीत नव्हतं. दहावी सही माझी. अकरावं नाव तुझं, आणि ते पहिलं असल्यामुळे त्याच्याशिवाय बाकीच्या दहांना वजन नाही. तू आता इथे राहत नाहीस, पण तुझी तक्रार राहते आहे. सोबत जपानीत टाइप केलेला कागद ठेवलाय, त्याखाली मराठीत अर्थ लिहिलाय, या वेळी काय लिहिलंय ते वाचून घे. खाली डावीकडे सहीपाशी तुझ्या नावाचा शिक्का हवा. पत्ता लिहिलेलं पाकीटही आहे. मी फोन करणार नाही, ग्रुपवर विचारणार नाही, आणि हे पत्र लिहिल्याचं ओकुनो-सान यांना सांगितलेलं नाही. तुझी बाजू सावरायला त्यांनी पुन्हा कुणापुढे वाकायला नको. त्या रविवारी मी सभेत उठून बोलणार आहे. माझं जपानी तुला माहीत आहे, आदराची क्रियापदं हमखास चुकणार. तुझा कागद आला तर तो वाचून दाखवेन. नाही आला तर त्या सगळ्यांसमोर एवढं सांगेन की तिसरं नाव माझं होतं, ते मीच दिलं होतं, आणि ढोल आमच्या दारासमोरच वाजला पाहिजे.

तुझीच म्हणवत नाही, पण परकीही झालेली नाही,
चैत्राली